परदेशातली थंडी, ताट आणि साडी : डॉ. आनंदीबाई जोशी

उन्हाळा संपत आला की तेल्हारा, अकोट, अकोला, अमरावती या पट्ट्यातल्या काही घरांत बॅगा भरण्याची घाई सुरू होते. मुलगा किंवा मुलगी शिकायला परदेशी निघालेली असते. आई ठेच्याची आणि तिखटाची पाकिटे बांधते, वडील फीचा हिशोब लावतात, आजी स्वेटर जाड आहे ना हे दोनदा विचारते. तिकडे पोहोचल्यावर पहिल्या महिन्यात फोनवरून कळणाऱ्या गोष्टी अगदी साध्या असतात. इथे दुपारी साडेचारला अंधार पडतो. खिडक्या कुणी उघडत नाही. दुपारच्या जेवणाला गरम काही नसते. पायांत मोजे घातल्याशिवाय घरातही चालवत नाही.

ऐकणाऱ्याला या गमती वाटतात, पण शरीराला त्या गमती वाटत नाहीत. अन्न, ऊन, कपडे आणि कोंदट किंवा मोकळी हवा या चार गोष्टी बदलल्या की प्रकृतीचे गणित बदलते. हे गणित १४० वर्षांपूर्वी एका मराठी मुलीला एकटीने सोडवावे लागले. त्यासाठी लागणारे निम्मे आकडे तेव्हा जगात कुणाकडेच नव्हते. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

दहा दिवसांचे बाळ

३१ मार्च १८६५ ही त्यांची जन्मतारीख. माहेर कल्याणच्या जोशी घराण्याचे, माहेरचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचे लग्न संगमनेरच्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव विधुर होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे, आणि टपाल खात्यात नोकरीला. बायकोला शिकवायचेच हा त्यांचा ध्यास होता. त्यापायी त्यांनी बदल्या मागून घेतल्या, नातेवाइकांचा रोष पत्करला, आणि अभ्यास झाला नाही तर बायकोवर ते कमालीचे कठोरही होत. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा हा संसार फिरत राहिला.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, हे त्यांच्या मनाने घेतले. पुरुष डॉक्टरकडून तपासून घ्यायला बायका तयार नसत, आणि बाई डॉक्टर मिळणे जवळपास अशक्य होते. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये काही स्त्रियांना प्रवेश दिला होता. पण मुंबई-कलकत्त्याकडच्या सनातनी घरातल्या मुलीला पुरुष शिक्षकांपुढे बसून वैद्यक शिकणे सोपे नव्हते. आपण स्वतः डॉक्टर व्हायचे, हा निश्चय इथून सुरू झाला.

अमेरिकेशी धागा जुळला तो योगायोगाने. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकी मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई १८८० मध्ये दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत बसल्या असताना त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रे वाढत गेली, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

निघण्यापूर्वीची तब्येत

पुढच्या सगळ्या कहाणीत एक गोष्ट बहुतेकदा सुटून जाते. आनंदीबाई निघाल्या तेव्हा त्या ठणठणीत नव्हत्या. कलकत्त्यात असताना त्यांना सारखी डोकेदुखी, मधूनमधून ताप, अशक्तपणा आणि कधी धाप लागणे असा त्रास होता. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेतून औषधे पाठवली, त्यांचाही उपयोग झाला नाही. आजच्या एखाद्या डॉक्टरकडे ही लक्षणे घेऊन कुणी गेले तर रक्तातले हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी ठरलेली. १८८३ मध्ये एक्स-रेचा शोधच लागायचा होता. तो लागला १८९५ मध्ये. क्षयाचा जंतू सापडल्याची घोषणा रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये केली होती, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. ती बातमी दवाखान्यातल्या रोजच्या कामात उतरायला अजून बराच वेळ होता.

एकट्या बाईने समुद्र ओलांडायचा, तोही धर्म न बदलता, याला चहूबाजूंनी विरोध झाला. सनातन्यांना जात बाटण्याची भीती, तर मिशनरी मंडळींना वाटे की आधी ख्रिस्ती व्हावे, मग जावे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी भरसभेत इंग्रजीत भाषण केले. आपण का जातो, एकट्या का जातो, परत आल्यावर वाळीत टाकले तर काय, या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हे त्यांनी तिथे स्पष्ट केले. हे वचन पुढे त्यांच्या ताटात आणि अंगावरच्या कपड्यांत रोज हजर राहणार होते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. सोबतीला अमेरिकी बायका होत्या, गोपाळराव नव्हते. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. बंदरावर कार्पेंटर मावशी न्यायला आल्या होत्या. आनंदीबाईंचे वय तेव्हा अठरा वर्षे आणि दोन महिने होते.

रोझेलमधला उन्हाळा

पहिला उन्हाळा मावशींच्या घरी गेला. परदेशी जाणाऱ्या कुणालाही असे काही आठवडे मिळाले तर ते औषधासारखे असतात. हवा सौम्य, माणसे मायेची, स्वयंपाकघरात हात घालायला मोकळीक. आनंदीबाई आपले जेवण आपण रांधत. शेजारच्या बायकांना बोलावून त्यांनी मराठी पद्धतीचे जेवणही घातले, त्यांना साड्या नेसवल्या, कुंकू लावले. मावशींच्या मुलींना या परक्या मुलीचा लळा लागला.

फरक इथेही दिसत होतेच. घरात सगळे बूट घालून वावरत. नवरा-बायको चारचौघांत एकत्र बसत, एकत्र जेवत, बरोबर फिरायला जात, आणि रस्त्यावर कुणी वळून पाहत नसे. नवऱ्याबरोबर रस्त्याने चालले तरी आपल्याकडे टोमणे ऐकायला लागत, हे आनंदीबाईंनी अनुभवले होते. उलट अमेरिकी पाहुण्यांना प्रश्न पडत ते त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाचे, बांगड्यांचे, लहानपणीच झालेल्या लग्नाचे. आपल्या समाजाची बाजू मांडताना त्या कधी कधी बालविवाहाचीही पाठराखण करत, असे त्यांच्या चरित्रातून दिसते. परक्या देशात आपल्या घरावर टीका झाली की माणूस आधी घराच्या बाजूने उभा राहतो. आजही परदेशातल्या वसतिगृहात हे घडते.

फिलाडेल्फियातील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेन्सिल्व्हेनिया ही संस्था १८५० मध्ये स्थापन झाली होती. केवळ स्त्रियांना वैद्यक शिकवणाऱ्या जगातल्या पहिल्या काही संस्थांपैकी ती एक. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी २८ जून १८८३ रोजी अर्जाचे पत्र लिहिले. संस्थेने त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीही दिली. डीन होत्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक रेचेल बॉडली. त्यांनी या विद्यार्थिनीला आईच्या मायेने सांभाळले. ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले, आणि पाठोपाठ फिलाडेल्फियाची थंडीही आली.

नऊवारी आणि घोटे

आनंदीबाईंना पहिला मोठा निर्णय घ्यावा लागला तो कपड्यांबाबत. नऊवारी साडी कासोटा घालून नेसली की चालायला, वाकायला, शेतात कामाला उत्तम. आपल्याकडच्या उष्ण हवेत तिच्यातून वारा खेळतो. पण त्या नेसणीत पोटऱ्या आणि घोटे उघडे राहतात. बर्फ पडणाऱ्या गावात हेच अंगावर येते. शिवाय त्या काळच्या अमेरिकेत बाईचा घोटा दिसणे असभ्य मानले जाई. तिथल्या बायका टाचेपर्यंत पोचणारे घागरे घालत. म्हणजे एकच साडी पुण्यात पूर्ण मर्यादेची आणि फिलाडेल्फियात अपुरी ठरत होती.

पाश्चात्त्य पोशाख करणे हा सोपा मार्ग होता. आनंदीबाईंनी तो घेतला नाही. त्यांनी साडी सोडली नाही, नेसण बदलली. गुजराती पद्धतीची गोल साडी पायाच्या टोकापर्यंत पोचते. तिच्या आत उबदार कपडे घालता येतात आणि वर लांब बाह्यांचे पोलके येते. आपण असे का केले हे त्यांनी गोपाळरावांना पत्रातून समजावून सांगितले. कुंकू, बांगड्या, मंगळसूत्र तसेच राहिले.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय बरोबरच होता. कपडा स्वतः ऊब निर्माण करत नाही. अंगाची ऊब कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेत टिकून राहते. म्हणून एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर जास्त उपयोगी. पाय उघडे असतील तर शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आकसून घेते, पाय बधिर होतात, आणि अंग गरम ठेवण्यासाठी जास्त ऊर्जा खर्च होते. ही ऊर्जा यायची कुठून? ताटातून. आणि ताट हाच आनंदीबाईंचा दुसरा, जास्त कठीण प्रश्न होता.

ताटातला प्रश्न

फिलाडेल्फियातले रोजचे जेवण मांसाभोवती फिरणारे होते. गोमांस, डुकराचे मांस, मासे, त्यांच्या सोबतीला पाव आणि बटाटे. भाज्या आणि फळे थंडीत फार थोडी, कारण शीतगृहांचा आणि आगगाडीने लांबून येणाऱ्या ताज्या भाज्यांचा काळ नुकता कुठे सुरू होत होता. आनंदीबाईंनी शाकाहार सोडला नाही. त्या स्वतः स्वयंपाक करत.

आपल्याकडचा शाकाहार म्हणजे नुसते मांस वगळणे नव्हे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हरभरा, शेंगदाणे, तीळ, ताक, हिरवी भाजी, अशी ती एक पूर्ण व्यवस्था आहे. धान्यातल्या प्रथिनात जे उणे असते ते डाळीतून भरून निघते. तेल्हाऱ्याच्या कुठल्याही घरात वरण-भाकरीचा हा हिशोब कुणी न मांडताही बरोबर बसतो. मात्र या व्यवस्थेतून तूरडाळ, ताक आणि हिरवी भाजी काढून घेतली आणि उरलेले फक्त पाव-बटाट्यावर भागवले, तर तो शाकाहार नावापुरताच राहतो. पोट भरते, पण प्रथिने, लोह आणि काही जीवनसत्त्वे कमी पडतात. त्यातच दिवसभर वर्ग, शवविच्छेदन, रुग्णालयातले काम, रात्री अभ्यास, आणि त्यानंतर स्वतःसाठी चूल पेटवणे. थकलेला विद्यार्थी अशा वेळी जे हाताशी असेल ते खातो. हे आजच्या मुलांना सांगायला नको.

जीवनसत्त्व हा शब्दच तेव्हा नव्हता. त्यासाठीचा इंग्रजी शब्द काझिमिर फुंक यांनी १९१२ मध्ये बनवला. त्यामुळे आनंदीबाईंच्या ताटात नेमके काय कमी आहे, हे त्यांच्या निष्णात प्राध्यापिकांनाही सांगता आले नसते. त्या काळचे डॉक्टर क्षयाच्या रोग्याला माशाच्या यकृताचे तेल देत, पण ते का उपयोगी पडते हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि शाकाहारी माणसाला तोही मार्ग बंदच.

कलते ऊन, बंद खिडक्या

तिसरा बदल असा होता की जो कुणाच्या लक्षात येण्यासारखा नव्हता. तो उन्हाचा. तेल्हारा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे २१ डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंश वर असतो. फिलाडेल्फिया ४० अंशांवर. तिथे त्याच दिवशी सूर्य जेमतेम २६ अंश वर येतो. ऊन दिसते, पण ते इतके कलते असते की त्यातले अतिनील ब किरण हवेच्या जाड थरातच शोषले जातात. आपली त्वचा ड जीवनसत्त्व बनवते ते याच किरणांच्या मदतीने. बॉस्टन शहर फिलाडेल्फियाहून थोडे उत्तरेला आहे. तिथे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उन्हात उभे राहूनही त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होत नाही. सावळ्या त्वचेला तर तितकेच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त ऊन लागते. त्यात घोट्यापर्यंत साडी आणि लांब बाह्या. थंडीपासून वाचवणारा कपडा उरलेसुरले ऊनही अडवत होता.

शरीरातल्या पांढऱ्या पेशींना क्षयाच्या जंतूशी लढताना ड जीवनसत्त्वाची मदत होते, हे आता माहीत आहे. ते कमी पडले म्हणजे क्षय होतोच असे नाही, पण पारडे जंतूच्या बाजूला थोडे झुकते.

चौथा बदल बंद खिडक्यांचा. मराठी घराला ओटी, पडवी, अंगण असते, आणि माणूस दिवसातला निम्मा वेळ मोकळ्या हवेत असतो. थंड देशात हिवाळ्यात दारे-खिडक्या घट्ट लावून कोळशाच्या शेगडीपुढे बसायचे. क्षयाचा जंतू खोकल्यातून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांवर तरंगतो, आणि बंद खोलीतल्या हवेत तासन् तास टिकतो. उघड्यावर तो पातळ होतो आणि उन्हात मरतो. त्या काळी अमेरिकेतल्या शहरांत मृत्यूच्या मोठ्या कारणांत क्षयाचा क्रमांक वरचा होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांना धोका आणखी जास्त, कारण त्यांचा दिवस रुग्णांच्या सहवासात आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी जाई. स्टेथोस्कोपचे जनक लेनेक हेही क्षयानेच गेले.

आनंदीबाईंच्या शरीरात हा जंतू कलकत्त्यातच शिरला होता की फिलाडेल्फियात, यावर वाद घालून हाती काही लागत नाही. हा जंतू वर्षानुवर्षे शरीरात झोपून राहू शकतो, आणि शरीर खचले की उठतो. त्यामुळे एकट्या थंडीला, एकट्या शाकाहाराला किंवा एकट्या अमेरिकेला दोष देता येणार नाही. लहान वयातले बाळंतपण, आधीपासूनची अशक्त प्रकृती, अपुरे अन्न, कमी ऊन, कोंदट हवा आणि अभ्यासाचा ताण हे सगळे एकाच जिवावर एकाच वेळी आले.

डॉक्टर

एवढे असूनही त्या मागे हटल्या नाहीत. १० ऑक्टोबर १८८५ रोजी डीनच्या स्वागत समारंभात काढलेला एक फोटो आजही पाहायला मिळतो. त्यात तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबत इस्लामबुली. तिघीही डॉक्टर झाल्या. तिघींनीही आपला पेहराव कॉलेजात मिरवला, आणि कॉलेजानेही त्याचा मान ठेवला.

त्याच वर्षी गोपाळरावही फिलाडेल्फियाला पोहोचले. ज्या माणसाने बायकोला शिकवण्यासाठी आकाशपाताळ एक केले, तोच आता सभांमधून पाश्चात्त्य रीतींवर आणि स्त्रीशिक्षणावर टीका करू लागला. आजारी प्रकृती आणि शेवटचे वर्ष सांभाळणाऱ्या आनंदीबाईंना हाही ताण सोसावा लागला.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई खास आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. प्राचीन भारतीय ग्रंथांत गर्भवतीची आणि बाळंतिणीची काळजी कशी सांगितली आहे, हे त्यांनी पाश्चात्त्य वैद्यकाच्या विद्यार्थिनीच्या नजरेने मांडले. दहा दिवसांच्या बाळापासून सुरू झालेला प्रवास या विषयापर्यंत आला होता. कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली आणि त्यांनी ती स्वीकारली.

पण खोकला आणि ताप सुटत नव्हता. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या अमेरिकेहून निघाल्या आणि नोव्हेंबरमध्ये मुंबईला पोहोचल्या. परतल्यावर वाळीत टाकतील अशी जी भीती घातली गेली होती, ती खरी ठरली नाही. लोकांनी त्यांचे कौतुकाने स्वागत केले. पुण्यात उपचार सुरू झाले, पण क्षयावर परिणामकारक औषध जगात कुठेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ मध्ये, म्हणजे आणखी ५६ वर्षांनी. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. कोल्हापूरच्या वॉर्डात त्यांना एकही दिवस काम करता आले नाही.

त्यांचा रक्षाकलश कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आला. मावशींनी तो न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवला. तिथल्या दगडावर आजही त्यांचे नाव आहे.

आज विज्ञान काय सांगते

आनंदीबाईंना जे कुणी सांगू शकले नाही, ते पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत हळूहळू उलगडले. दक्षिण लंडनमध्ये राहणाऱ्या आशियाई स्थलांतरितांवरचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रोज मांस-मासे खाणाऱ्यांच्या तुलनेत, फक्त दूध आणि शाकाहार घेणाऱ्यांत क्षयाचा धोका आठ पटींहून अधिक आढळला. अभ्यास लहान होता, पण त्याचा रोख स्पष्ट आहे. भारतातल्या उन्हात आणि भारतातल्या ताटासह चालणारा आहार, कमी उन्हाच्या देशात तसाच चालेल असे धरून बसू नये.

दुसरा पुरावा आपल्याच देशातला. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कुटुंबांतील सर्वांना दरमहा धान्य, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्यांच्या गोळ्या दिल्या गेल्या. इतर कुटुंबांत ही मदत फक्त रुग्णापुरती होती. ज्या घरांत सर्वांना अन्न मिळाले तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी कुठलेही नवे औषध लागले नाही, धान्य आणि डाळ पुरली. जो आजार शतकभर नशिबाचा भाग मानला गेला, त्याला अडवण्यात ताटाचा वाटा इतका मोठा आहे.

निघणाऱ्यांसाठी

परदेशी निघालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी आनंदीबाईंच्या आयुष्यातून काही गोष्टी सरळ उचलाव्यात.

निघण्यापूर्वी तब्येतीची पूर्ण तपासणी करून घ्यावी. वारंवार ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, वजन घटणे किंवा रात्री घाम येणे यांपैकी काही असेल तर ते अंगावर काढून विमानात बसू नये. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना छातीचा एक्स-रे काढून क्षय नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावेच लागते. ती केवळ कागदाची पूर्तता समजू नये. सुप्त जंतू एक्स-रेमध्ये दिसतोच असे नाही, आणि तो जागा होण्याचा धोका स्थलांतरानंतरच्या पहिल्या काही वर्षांत जास्त असतो. लहानपणी टोचलेली बीसीजी लस मोठेपणी पुरेसे संरक्षण देत नाही. म्हणून तिकडे गेल्यावर खोकला लांबला तर हवा बदलली असेल असे म्हणून थांबू नये. डॉक्टरला आपण भारतातून आलो आहोत हे आवर्जून सांगावे. लवकर सापडलेला क्षय आज पूर्ण बरा होतो.

रक्तातले ड आणि ब १२ जीवनसत्त्व तपासावे. कमी असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात, मनाने नव्हे. अमेरिकेत दुधात ड जीवनसत्त्व मिसळण्याची पद्धत १९३० च्या दशकापासून आहे. तिथे दूध घेताना पाकिटावर तसे लिहिले आहे का ते पाहावे.

शाकाहारी असाल तर शाकाहार सोडण्याची गरज नाही, पण तो पुरा न्यावा. बॅगेत ठेच्याच्या दोन पाकिटांबरोबर लहान प्रेशर कुकर असू द्या, कारण परदेशातल्या जवळपास प्रत्येक शहरात आता तूरडाळ, मसूर आणि हरभरा मिळतो. रोज एक वेळ डाळ, एक वेळ दही किंवा दूध आणि मूठभर दाणे, इतका नेम पाळला तरी बरेच भागते. अंडी चालत असतील तर उत्तम.

कपडे थरांनी घालावेत, आणि पायांकडे दुर्लक्ष करू नये. दिवस लहान असला तरी दुपारी थोडा वेळ बाहेर चालावे. खोलीत दोघे-चौघे राहत असतील तर कडाक्याच्या थंडीतही दिवसातून एकदा खिडकी उघडून हवा बदलावी.

आणि पालकांनी फोनवर परीक्षेचे गुण विचारण्याआधी आज काय जेवलीस, झोप झाली का, खोकला आहे का हे विचारावे. उत्तर देताना मूल टाळाटाळ करत असेल तर पुन्हा विचारावे. आनंदीबाईंच्या काळी पुण्याहून फिलाडेल्फियाला पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. तेल्हाऱ्याहून आज ते उत्तर एका मिनिटात मिळते.